एकाच बिल्डिंगचे दोन वायरिंग प्लॅन: ‘रेव्हिट’मधले डिझाइन ऑप्शन्स विजेच्या बाबतीत का अडतात?

नव्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये ईव्ही चार्जिंग द्यायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, कसं द्यायचं? प्रत्येकाच्या पार्किंगला त्याच्या फ्लॅटच्या मीटरवरून वेगळा पॉइंट काढायचा, की सगळ्यांना मिळून सात-आठ चार्जर लावायचे? बिल्डर म्हणतो, “दोन्ही डिझाइन करून दाखवा, खर्च बघू आणि मग ठरवू.” आर्किटेक्टही मान डोलावतो. आणि हे काम शेवटी येऊन पडतं इलेक्ट्रिकल इंजिनिअरच्या टेबलावर.

पूर्वी अशा वेळी दोन वेगळ्या ड्रॉइंग फाइल बनायच्या. आता मोठ्या प्रकल्पांमध्ये बिल्डिंगचं पूर्ण थ्रीडी मॉडेल कॉम्प्युटरवर तयार होतं आणि त्याच एका मॉडेलमध्ये दोन-तीन पर्याय शेजारी-शेजारी ठेवता येतात. ‘रेव्हिट’ या सॉफ्टवेअरमध्ये या सोयीला ‘डिझाइन ऑप्शन्स’ म्हणतात.

ही सोय भिंती, छत, फर्निचर यांच्यासाठी झकास चालते. विजेच्या बाबतीत मात्र ती नीट सांभाळली नाही, तर ड्रॉइंग एका पर्यायाचं आणि सामानाची यादी दुसऱ्याच पर्यायाची, असा घोळ होऊ शकतो. हा घोळ साइटवर स्लॅब टाकून झाल्यावर लक्षात आला, तर भिंती फोडण्यावाचून इलाज राहत नाही.

हे सगळं नेमकं कसं चालतं, कुठे अडतं आणि इंजिनिअर त्यातून वाट कशी काढतात, ते समजून घेऊ.

आधी बीआयएम म्हणजे काय?

बीआयएम म्हणजे बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग. साध्या ड्रॉइंगमध्ये दिवा म्हणजे कागदावरचं एक वर्तुळ असतं. बीआयएम मॉडेलमध्ये दिवा म्हणजे माहिती असलेली वस्तू असते. तो किती वॅटचा आहे, किती व्होल्टवर चालतो, कोणत्या खोलीत आहे, कोणत्या सर्किटवर आहे, हे सगळं त्या वस्तूसोबत साठवलेलं असतं.

म्हणून मॉडेलमधून ड्रॉइंगसोबत याद्याही निघतात. किती दिवे, किती सॉकेट, कोणत्या पॅनलवर किती लोड, हे सॉफ्टवेअर मोजून देतं. आपल्याकडे महामेट्रोने नागपूर मेट्रोच्या कामात ‘५डी बीआयएम’ वापरलं होतं. त्यात थ्रीडी मॉडेलला वेळापत्रक आणि खर्च या दोन गोष्टी जोडलेल्या असतात.

रेव्हिट हे या क्षेत्रातलं सर्वात जास्त वापरलं जाणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी एक. १९९७ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका छोट्या कंपनीने ते बनवलं आणि २००० मध्ये बाजारात आणलं. ‘रिव्हाइज इन्स्टंटली’, म्हणजे ‘लगेच बदला’, या शब्दांवरून त्याला रेव्हिट हे नाव पडलं. २००२ मध्ये ‘ऑटोकॅड’वाल्या ऑटोडेस्क कंपनीने ते १३.३ कोटी डॉलरला विकत घेतलं. सुरुवातीला आर्किटेक्चर, स्ट्रक्चर आणि वीज-पाणी-एसी या कामांसाठी रेव्हिटच्या वेगवेगळ्या आवृत्त्या होत्या. रेव्हिट २०१३ पासून सगळं एकाच सॉफ्टवेअरमध्ये मिळायला लागलं.

पर्याय सांभाळण्याची सोय फक्त रेव्हिटमध्येच आहे असं नाही. ‘आर्किकॅड’ या सॉफ्टवेअरनेही २०२३ च्या २७ व्या आवृत्तीत डिझाइन ऑप्शन्स आणले. पण इलेक्ट्रिकल मॉडेलिंगमध्ये रेव्हिटचा वापर मोठा आहे, म्हणून इथे त्याचंच उदाहरण घेऊ.

डिझाइन ऑप्शन्स कसे चालतात?

चार शब्द लक्षात ठेवले की गणित सुटतं.

मेन मॉडेल: बिल्डिंगमधलं जे ठरलेलं आहे आणि कोणत्याही पर्यायात बदलणार नाही, ते सगळं यात येतं. उदाहरणार्थ कॉलम, स्लॅब, जिना, लिफ्ट.

ऑप्शन सेट: ज्या एका प्रश्नाचा निर्णय व्हायचा आहे, तो प्रश्न. उदाहरणार्थ ‘ईव्ही चार्जिंग’.

ऑप्शन: त्या प्रश्नाची संभाव्य उत्तरं. उदाहरणार्थ ‘स्वतंत्र पॉइंट’ आणि ‘सामायिक चार्जर’.

प्रायमरी ऑप्शन: सध्या ज्या उत्तराकडे कल आहे, ते. बाकीचे सगळे दुय्यम.

रेव्हिटच्या ‘मॅनेज’ टॅबमध्ये जाऊन सेट आणि ऑप्शन तयार करायचे, मग एखादा ऑप्शन उघडून त्यात काम करायचं. त्या वेळी मेन मॉडेल फिकट दिसतं आणि त्याला चुकून हात लागत नाही.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. तुम्ही वेगळं काही सांगितलं नाही, तर प्रत्येक ड्रॉइंग आणि प्रत्येक यादी ‘मेन मॉडेल अधिक प्रायमरी ऑप्शन’ एवढंच दाखवते. दुय्यम ऑप्शन फाइलमध्ये असतो, पण पडद्याआड. तो दाखवायचा असेल तर त्या ड्रॉइंगच्या सेटिंगमध्ये जाऊन तसं निवडावं लागतं. पुढचे निम्मे घोळ या एकाच नियमामुळे होतात.

मग विजेच्या बाबतीत अडतं कुठे?

भिंतीचं उदाहरण घ्या. हॉलमध्ये सरळ भिंत की गोलाकार, असे दोन पर्याय आहेत. दोन्ही पर्यायांत भिंत तिच्या जागेपुरती बदलते. बाकी बिल्डिंगला फारसा फरक पडत नाही.

वीज तशी एका जागी थांबत नाही. एक चार्जर म्हणजे एक साखळी असते. चार्जरपासून केबल, केबलपासून एमसीबी, एमसीबीपासून पॅनल, पॅनलपासून मुख्य पॅनल आणि तिथून ट्रान्सफॉर्मर. खालच्या टोकाला एक चार्जर वाढवला की वरच्या प्रत्येक कडीवरचा आकडा बदलतो.

आता समजा मुख्य पॅनल मेन मॉडेलमध्ये आहे आणि चार्जर दोन वेगवेगळ्या ऑप्शनमध्ये आहेत. त्या पॅनलवरचं एकूण लोड किती दाखवायचं? पहिल्या पर्यायाचं, दुसऱ्याचं, की दोन्हींची बेरीज? पॅनल एकच आहे, त्यामुळे त्याच्यावर एका वेळी एकच आकडा असू शकतो. मेन मॉडेल म्हणजे ‘ठरलेलं’ आणि दुय्यम ऑप्शन म्हणजे ‘न ठरलेलं’. ठरलेली गोष्ट न ठरलेल्या गोष्टीवर अवलंबून ठेवता येत नाही. मेन मॉडेलमधलं पॅनल आणि दुय्यम ऑप्शनमधली उपकरणं एका सर्किटमध्ये जोडायला गेलं की गाडी अडते ती इथेच.

म्हणून इलेक्ट्रिकल डिझाइनमध्ये पहिला नियम असा: सर्किट अर्धं मेन मॉडेलमध्ये आणि अर्धं ऑप्शनमध्ये ठेवू नका. उपकरण, त्याचं सर्किट आणि ते ज्या पॅनलवर जातं ते पॅनल, हे तिन्ही एकाच ऑप्शनमध्ये ठेवा.

४० फ्लॅटच्या बिल्डिंगचं उदाहरण

आकडे घेऊन बघितलं की हे नीट कळेल. समजा ४० फ्लॅटची बिल्डिंग आहे आणि तेवढ्याच कार पार्किंगच्या जागा आहेत.

पर्याय १, स्वतंत्र पॉइंट: प्रत्येक पार्किंगला ३.३ किलोवॅटचा पॉइंट. २३० व्होल्टवर हा साधारण १४ अँपिअर करंट घेतो, म्हणजे घरातल्या गिझरला लागतो तसा १६ अँपिअरचा सॉकेट त्याला पुरतो. ४० पॉइंटचं एकूण लोड होतं १३२ किलोवॅट.

पर्याय २, सामायिक चार्जर: ७.४ किलोवॅटचे ८ चार्जर. प्रत्येक चार्जर ३२ अँपिअर घेतो. एकूण लोड ५९.२ किलोवॅट.

हा ८ आकडा असाच घेतलेला नाही. केंद्राच्या गृहनिर्माण आणि नागरी व्यवहार मंत्रालयाने २०१९ मध्ये मॉडेल बिल्डिंग बायलॉजमध्ये दुरुस्ती केली. पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला ईव्ही चार्जिंगची सोय असावी, अशी तरतूद त्यात आली. ४० चे २० टक्के म्हणजे ८.

सगळ्या गाड्या रात्री एकदम चार्जिंगला लागल्या असं धरलं, तर पहिल्या पर्यायात थ्री-फेज ४१५ व्होल्टवर सुमारे १८४ अँपिअर करंट लागेल. दुसऱ्या पर्यायात तो सुमारे ८२ अँपिअर आहे. म्हणजे निम्म्याहूनही कमी.

पण फरक फक्त करंटचा नाही. पहिल्या पर्यायात मीटर रूममधून ४० वेगवेगळ्या केबल निघून ४० जागांपर्यंत जाणार. त्यासाठी केबल ट्रे रुंद लागेल. मीटर रूममध्ये ४० जास्तीचे एमसीबी बसवायला जागा लागेल. शिवाय प्रत्येक फ्लॅटच्या मंजूर भारावर परिणाम होईल. फायदा असा की प्रत्येकाचं बिल त्याच्याच मीटरवर येईल आणि सोसायटीत हिशेबाचे वाद होणार नाहीत.

दुसऱ्या पर्यायात मुख्य पॅनलपासून पार्किंगमधल्या ईव्ही पॅनलपर्यंत एकच मोठी केबल जाईल आणि तिथून ८ फाटे निघतील. केबल कमी, जागा कमी. पण कोणी किती युनिट वापरलं याचा हिशेब ठेवण्याची सोय करावी लागेल, आणि नंबर लावून चार्जिंग करावं लागेल. शिवाय १० वर्षांनी सगळ्यांकडेच ईव्ही आल्या तर ८ चार्जर पुरणार नाहीत.

म्हणजे दोन्ही पर्याय खरे आहेत, दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं आहे. अशा वेळी मॉडेलमधून निघणारे आकडे बरोबर असणं गरजेचं असतं, कारण निर्णय त्यांच्यावरच होणार असतो.

ऑप्शनची हद्द कुठे आखायची?

हा इलेक्ट्रिकल इंजिनिअरसमोरचा खरा प्रश्न. साखळी ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाते, म्हणून काय ट्रान्सफॉर्मरसुद्धा दोनदा काढायचा?

तसं करायची गरज नसते. व्यवहारात तीन पायऱ्या धरता येतात.

पहिली पायरी, फक्त दिसण्यातला फरक. लॉबीत १५ वॅटचे १२ गोल दिवे लावायचे की ४० वॅटचे ६ लांब एलईडी? पहिल्यात १८० वॅट, दुसऱ्यात २४० वॅट. फरक आहे ६० वॅटचा, म्हणजे पाव अँपिअरच्या आसपास. एवढ्याने ना एमसीबी बदलतो ना वायर. अशा वेळी दिवे दोन ऑप्शनमध्ये ठेवा, पण त्यांना सर्किट जोडूच नका. आधी दिसणं ठरू द्या. निर्णय झाला की दिवे मेन मॉडेलमध्ये येतील, मग सर्किट जोडा. तोपर्यंत पॅनलवर जास्तीत जास्त लोड, म्हणजे २४० वॅट, राखीव धरून ठेवा.

दुसरी पायरी, एका पॅनलपुरता फरक. आपलं ईव्हीचं उदाहरण इथे बसतं. सामायिक चार्जरच्या ऑप्शनमध्ये ८ चार्जर, त्यांची सर्किट, केबल ट्रे आणि ईव्ही पॅनल असं सगळं टाका. स्वतंत्र पॉइंटच्या ऑप्शनमध्ये ४० पॉइंट, त्यांची सर्किट, ट्रे आणि मीटर रूममधला एमसीबींचा बोर्ड टाका. साखळी त्या पॅनलपाशी थांबवा. त्याच्या वरचा हिशेब, म्हणजे मुख्य पॅनलवर १३२ किलोवॅट येणार की ५९.२, तो निर्णय होईपर्यंत वेगळ्या तक्त्यात मांडा.

तिसरी पायरी, मुळातलाच फरक. सबस्टेशन बिल्डिंगच्या पुढे की मागे? मजल्यांवर वीज केबलने न्यायची की बसबारने? इथे जवळपास प्रत्येक पॅनल बदलतं. असा पर्याय डिझाइन ऑप्शनमध्ये कोंबण्यापेक्षा त्याची वेगळी फाइल केलेली बरी. कारण ऑप्शनमध्ये अर्ध्याहून जास्त मॉडेल गेलं, तर मेन मॉडेलला अर्थच उरत नाही आणि फाइलही जड होते.

तिसऱ्या पायरीच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. अगदी सुरुवातीला, एकही दिवा काढायच्या आधी, ‘इतक्या चौरस मीटरला इतके वॅट’ असं धरून ढोबळ लोड काढता येतं. रेव्हिटच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये क्षेत्रफळावरून लोड मोजायची सोय आहे. मोठे पर्याय याच टप्प्यावर निकालात काढले, तर नंतर तपशिलात दोन-दोन मॉडेल सांभाळायची वेळ येत नाही.

प्रश्न वाढले की जोड्या किती होतात?

ऑप्शन सेट बनवताना हात सैल सोडला की पसारा होतो. दोन सेट आणि प्रत्येकात दोन ऑप्शन असतील, तर एकूण ४ जोड्या होतात. तीन सेट आणि प्रत्येकात तीन ऑप्शन असतील, तर २७. या २७ बिल्डिंगचे आकडे कोणी तपासत बसत नाही.

म्हणून सेट करण्याआधी एक प्रश्न विचारायचा: हे दोन निर्णय एकमेकांवर अवलंबून आहेत का?

लॉबीतले दिवे आणि पार्किंगमधले चार्जर यांचा एकमेकांशी संबंध नाही. त्यांचे दोन वेगळे सेट करा. पण चार्जिंगची पद्धत आणि मीटर रूमचा आकार हे एकमेकांना बांधलेले आहेत. स्वतंत्र पॉइंट द्यायचे तर मीटर रूम मोठीच लागणार. त्यांचे वेगळे सेट केले, तर ‘४० पॉइंट आणि छोटी मीटर रूम’ अशी अशक्य जोडीही मॉडेलमध्ये तयार होते. असे बांधलेले निर्णय एकाच ऑप्शनमध्ये एकत्र ठेवायला हवेत.

याद्यांमधला घोळ कसा टाळायचा?

आता त्या पडद्याआडच्या नियमाकडे येऊ. सगळी ड्रॉइंग आणि याद्या आपोआप प्रायमरी ऑप्शन दाखवतात.

समजा ‘स्वतंत्र पॉइंट’ प्रायमरी आहे. इंजिनिअरने ‘सामायिक चार्जर’चं ड्रॉइंग बनवलं आणि त्या ड्रॉइंगच्या सेटिंगमध्ये दुसरा ऑप्शन निवडला. ड्रॉइंग बरोबर आलं. पण सामानाच्या यादीत तसं निवडायचं राहून गेलं. यादी आपली पहिल्याच पर्यायाचे ४० सॉकेट मोजत बसली. दोन्ही कागद एकाच फाइलमधून निघालेले, एकाच तारखेचे आणि एकमेकांशी न जुळणारे. ठेकेदार यादी बघून भाव देतो आणि ड्रॉइंग बघून काम करतो. भांडणाची तयारी इथेच झाली.

हे टाळायला काही साध्या सवयी पुरतात:

- प्रत्येक ऑप्शनसाठी ड्रॉइंग आणि यादीची जोडी वेगळी बनवा. दोन्हींच्या सेटिंगमध्ये तो ऑप्शन ठरवून निवडा. ‘आपोआप’वर सोडू नका.
- ड्रॉइंग आणि यादी, दोन्हींच्या नावात ऑप्शनचं नाव लिहा. ‘पार्किंग पॉवर प्लॅन’ असं नको, ‘पार्किंग पॉवर प्लॅन, सामायिक चार्जर’ असं हवं.
- ऑप्शनला ‘ऑप्शन १’, ‘ऑप्शन २’ अशी नावं देऊ नका. दोन महिन्यांनी त्याचा अर्थ कोणालाच आठवत नाही.
- दोन ऑप्शनमधल्या पॅनलना एकच नाव देऊ नका. दोन्हीकडे ‘ईव्ही पॅनल’ असेल, तर कोणतं कशाचं हे कळणार नाही.
- ऑप्शन आधी तयार करा, सर्किट नंतर जोडा. आधीच जोडलेली उपकरणं मागाहून ऑप्शनमध्ये हलवली किंवा ऑप्शनची कॉपी केली, तर प्रत्येक सर्किट उघडून तपासा.
- मोजून बघा. स्वतंत्र पॉइंटच्या यादीत ४० आणि सामायिकच्या यादीत ८ यायला हवेत. एखाद्या यादीत ४८ आले, तर दोन्ही पर्याय एकत्र मोजले गेलेत.

आर्किटेक्टनेच पर्याय बदलला तर?

इलेक्ट्रिकल इंजिनिअर सहसा आर्किटेक्टची फाइल स्वतःच्या फाइलमध्ये ‘लिंक’ करून काम करतो. म्हणजे भिंती आणि छत आर्किटेक्टचं, दिवे आणि वायरिंग याचं.

आता आर्किटेक्टच्या फाइलमध्येही लॉबीच्या फॉल्स सीलिंगचे दोन ऑप्शन असू शकतात. लिंक केलेली फाइलही आपोआप तिचा प्रायमरी ऑप्शनच दाखवते. दुसरं सीलिंग बघायचं असेल, तर इलेक्ट्रिकल फाइलच्या त्या ड्रॉइंगमध्ये लिंकचा कोणता ऑप्शन हवा, हे निवडावं लागतं.

खरी गंमत होते ती आर्किटेक्टने निर्णय घेऊन एक सीलिंग काढून टाकल्यावर. त्या सीलिंगला चिकटवलेले दिवे मॉडेलमध्ये तसेच राहतात, पण त्यांचा आधार गेलेला असतो. ते हवेत लटकतात. अशा अनाथ वस्तूंची यादी दाखवण्यासाठी रेव्हिटमध्ये ‘रिकन्साइल होस्टिंग’ नावाचं टूल आहे. आर्किटेक्टची नवी फाइल आली की पहिलं काम हे टूल उघडून बघणं.

त्याहून चांगली सवय म्हणजे दोघांनी ऑप्शनची नावं सारखी ठेवणं आणि कोणता ऑप्शन कधी बंद होणार, हे एकमेकांना आधी कळवणं.

फेज आणि वर्कसेट म्हणजे पर्याय नव्हेत

रेव्हिट नव्याने शिकणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते.

फेज म्हणजे काळ. जुनं वायरिंग काढायचं आणि नवं बसवायचं, तर जुनं एका फेजमध्ये, नवं दुसऱ्या फेजमध्ये. दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात घडणार असतात, एकीनंतर दुसरी. ऑप्शनमध्ये दोन्हींपैकी एकच घडणार असते.

वर्कसेट म्हणजे कामाची वाटणी. एकाच फाइलवर चार जण काम करत असतील, तर दिवे एकाकडे, पॉवर दुसऱ्याकडे अशी विभागणी. एखादा वर्कसेट बंद करून पर्याय लपवता येतो असं वाटतं, पण डोळ्यांआड केलं म्हणून ती वस्तू मॉडेलमधून जात नाही.

फाइलची कॉपी करून दुसऱ्या नावाने सेव्ह करणं हा सर्वात जुना मार्ग. मूळ फरक मोठा असेल तर तो योग्यही आहे. पण कॉपी केल्यापासून ठरलेला प्रत्येक बदल दोन्ही फाइलमध्ये करावा लागतो. एका फाइलमध्ये राहिला, की तुलना बिघडली.

निर्णय झाला की दार बंद करा

पर्याय उघडे ठेवणं सोपं असतं, बंद करणं अवघड. “राहू दे ना, नंतर लागला तर?” असं म्हणत दुय्यम ऑप्शन महिनोन्‌महिने फाइलमध्ये पडून राहतात.

रेव्हिटमध्ये निर्णयाचे दोन टप्पे आहेत. ‘मेक प्रायमरी’ म्हणजे कल बदलला, पण दुसरा पर्याय अजून आहे. ‘ॲक्सेप्ट प्रायमरी’ म्हणजे निकाल लागला. त्यानंतर प्रायमरी ऑप्शन मेन मॉडेलमध्ये मिसळतो, बाकीचे ऑप्शन कायमचे पुसले जातात आणि त्या ऑप्शनसाठी बनवलेली ड्रॉइंगही काढायची का, असं सॉफ्टवेअर विचारतं.

म्हणून ॲक्सेप्ट करण्याआधी फाइलची एक तारखेची प्रत बाजूला ठेवायची. ॲक्सेप्ट केल्यावर अर्धवट राहिलेली साखळी पूर्ण करायची. ईव्ही पॅनल मुख्य पॅनलला जोडायचं, तक्त्यात राखीव धरलेलं लोड काढून तिथे खरा आकडा येऊ द्यायचा. हे राहिलं, तर तेच लोड दोनदा मोजलं जाईल किंवा एकदाही मोजलं जाणार नाही. पहिल्यात पैसे वाया जातात. दुसऱ्यात केबल आणि पॅनलवर क्षमतेपेक्षा जास्त लोड येतं, आणि जास्त लोडने तापलेली केबल म्हणजे आगीला निमंत्रण.

निर्णयाची शेवटची तारीख सॉफ्टवेअर ठरवत नाही, साइट ठरवते. आपल्याकडे वायरिंगचे पाइप बहुतेक वेळा स्लॅबच्या काँक्रीटमध्येच जातात आणि केबल जाण्यासाठीची भोकंही आधीच ठेवावी लागतात. म्हणजे पार्किंगवरचा स्लॅब ज्या दिवशी टाकायचा, त्याच्या बऱ्यापैकी आधी चार्जिंगचा पर्याय ठरलेला असायला हवा. पडद्यावरचे दोन पर्याय काँक्रीटमध्ये एकच होतात.

आणि केबल किती जाडीची, संरक्षण कोणतं, भारतीय मानकांप्रमाणे ते पुरेसं आहे का, ही जबाबदारी मात्र इंजिनिअरचीच. मॉडेल बेरीज करून देतं. त्या बेरजेवर सही माणूस करतो.

फ्लॅट घेणाऱ्याला याचा काय उपयोग?

तुम्ही रेव्हिट कधीच उघडणार नसाल. पण बांधकाम चालू असलेल्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घेत असाल किंवा सोसायटीच्या कमिटीत असाल, तर हे चार प्रश्न विचारता येतील:

१. ईव्ही चार्जिंगची पद्धत अंतिम ठरली आहे का, की अजून पर्याय चालू आहेत?

२. मुख्य पॅनल आणि ट्रान्सफॉर्मरच्या हिशेबात चार्जिंगचं लोड धरलं आहे का? धरलं असेल तर किती किलोवॅट?

३. पुढे चार्जर वाढवायचे झाले, तर केबल ट्रेमध्ये आणि पॅनलमध्ये जागा ठेवली आहे का?

४. माझ्या करारासोबतचं ड्रॉइंग आणि सामानाची यादी एकाच पर्यायाची आहे का?

या चार प्रश्नांना आकड्यांत उत्तर मिळालं, तर कोणीतरी कॉम्प्युटरवर आपलं काम नीट केलंय असं समजा. “ते नंतर बघू” असं उत्तर आलं, तर स्लॅब कधी टाकणार, हे मात्र लगेच विचारून घ्या.